अभिनंदन, टीबी आहे

आमचे सर टीबी निघालेल्या माणसाचं अभिनंदन करायचे. तेही कानात नाही. काचेच्या आडून बाहेर यायचे, सगळ्या रांगेदेखत हात पुढं करायचे अन् खणखणीत आवाजात म्हणायचे, "अभिनंदन! टीबी आहे!" माझ्या डोळ्यांदेखत तिघांनी त्यांची गचांडी धरली. पैठणकडच्या एका जावयानं तर सासऱ्याचा रिपोर्ट तिथंच टराटरा फाडला आणि म्हणाला, "तुमच्या घरात होऊ द्या, मग मी बी येतो हार घेऊन." सर कॉलर नीट करत म्हणाले, "माझ्या छातीत पाणी झालं तर जरूर ये. मी देवाकडं हेच मागणार आहे." आम्ही सगळे खो खो हसलो. जावई तेवढा हसला नाही. रिपोर्टचे तुकडे मलाच वेचावे लागले.

लॅब संभाजीनगरातल्या पुंडलिकनगरात, दोन शटरची. मालकीण मॅडम स्वतः पॅथॉलॉजिस्ट, शांत बाई. रक्त, लघवी, साखर हे सगळं पुढच्या खोलीत. मागच्या खोलीत सरांचं राज्य, आणि तिथं फक्त पाणी. म्हणजे माणसाच्या छातीत, फुफ्फुसाभोवती पाणी साठतं, ते डॉक्टर पाठीतून सुई घालून काढतात, ते पाणी. त्यात एक पदार्थ असतो. त्याचं नाव हे एवढं लांब आहे, म्हणून सगळे एडीए म्हणतात. तो चाळीसच्या वर गेला की टीबीचा संशय बळावतो. खाली राहिला की दुसरीकडं शोधायचं. आणि पन्नाशीच्या पुढच्या माणसाच्या बाबतीत दुसरीकडं म्हणजे कुठं, हे आमच्याकडं झाडू मारणाऱ्या मावशींनाही ठाऊक होतं. टीबीला सहा महिने गोळ्या, माणूस बरा होऊन कामाला लागतो. त्या दुसऱ्या दुखण्याचं तसं नसतं. म्हणून अभिनंदन. सरांचं गणित बरोबर होतं हो, पण समोरचा माणूस बिचारा बसच्या धक्क्यांनी आंबून आलेला असायचा, त्याला गणित कुठून सुचणार?

त्या मागच्या खोलीत एसी असा लावलेला की भर मे महिन्यात दात वाजायचे. सर बारा महिने माकडटोपी, स्वेटर आणि वरून शाल पांघरून बसायचे. बाहेर लोक उसाच्या रसाला रांगा लावतायत आणि आमचे सर नाक पुसतायत. एकदा वीज दुरुस्त करणारा आत गेला आणि पळत बाहेर येऊन मला म्हणाला, "आत कोणीतरी आजोबा गारठलेत, बघा जरा." फ्रिजची किल्ली सरांच्या चष्म्याच्या दोरीला बांधलेली. फ्रिज उघडायचा म्हणजे सरांनी वाकायचं, चष्मा खाली, किल्ली कुलपात, अन् मग चष्म्याशिवाय त्यांना बाटल्या दिसायच्या नाहीत. रोज हेच. "दोरी वेगळी करा ना सर," मी म्हणालो तर म्हणाले, "मग किल्ली हरवेल." चष्मा हरवत नाही म्हणून किल्ली त्याला बांधायची, असा त्यांचा न्याय.

पाणी उन्हात तापलं की बिघडतं, ही त्यांच्या जिवाला लागलेली एकच चिंता. आमच्याकडं पाणी यायचं बिडकीन, पैठण, वेरूळ, कुठून कुठून, आणि आणणार कोण तर पेशंटचा भाऊ, नाही तर मेहुणा, एसटीत बसून. म्हणून सरांनी भिंतीवर नकाशा काढला होता. शहरात येणारा प्रत्येक रस्ता, आणि त्यावर सकाळ-दुपार-संध्याकाळ ऊन बसच्या कोणत्या अंगाला असतं, ते लाल पेन्सिलीनं. बिडकीनहून सकाळी निघालात तर ड्रायव्हरच्या अंगाला ऊन, दाराच्या अंगाला सावली. वेरूळहून निघालात तर उलटं, आणि दौलताबादच्या घाटात वळणावळणाला ऊन बाजू बदलतं, तिथं बाटलीसकट उठून पलीकडं बसायचं. बाटली आणणाऱ्याला आधी स्टुलावर बसवून एक तक्ता भरून घ्यायचे. बस किती वाजताची? खिडकी की मधली जागा? बाटली उभी की आडवी? वाटेत कोणी हात लावला? शेवटी सही. तक्ता भरल्याशिवाय बाटली आत जायची नाही. "पाणी खोटं बोलत नाही," सर म्हणायचे, "आणणारा बोलतो."

आणि दर वर्षी क्षयरोग दिनाला ते सत्कार करायचे. पेशंटचा नाही, डॉक्टरचा तर नाहीच नाही. वर्षभरात ज्यानं सगळ्यात नीट पाणी आणलं त्याचा. शाल, श्रीफळ, फोटो. एका वर्षी वेरूळच्या एका आजीचा झाला. तिनं नवऱ्याच्या छातीचं पाणी ओल्या फडक्यात गुंडाळून मातीच्या गाडग्यात आणलं होतं, आणि घाटात बाजू बदलताना, "उठा रे मुडद्यांनो, माझा म्हातारा हाय ह्याच्यात," म्हणून बसमधली अख्खी रांग उठवली होती. लोकांना वाटलं गाडग्यात अस्थी आहेत. त्यांनी हात जोडले, कंडक्टरनं टोपी काढली. म्हातारा अजून ठणठणीत आहे, फोटोत आजीच्या शेजारी उभा आहे. मी नऊ वर्षं तिथं काढली, सतरंज्या मीच अंथरल्या, नारळ मीच आणले, पण माझा सत्कार कधी झाला नाही. होणारही नव्हता. त्याला कारण होतं.

ते सांगण्याआधी चवीचं सांगतो. सर म्हणे पेशंटचं पाणी चाखून बघतात, अशी आवई सगळ्या पुंडलिकनगरात होती. झालं असं की एकदा मावशी फरशी पुसत होत्या आणि सर मशीनकडं बघून ओरडले, "हे पाणी अळणी आहे!" मावशींनी बादली तिथंच टाकली. दुसऱ्या दिवशी किराणा दुकानदार मला विचारतो, "व्हय हो, चमच्यानं का बोटानं?" खरं कारण वेगळंच होतं. सर कुठल्याही बाटलीचं आधी मीठ बघायचे, म्हणजे सोडियम. माणसाच्या छातीतल्या पाण्यात ते साधारण रक्ताइतकंच असतं, एकशे चाळीसच्या आसपास. ते आलं तर पाणी अस्सल. मशीन हे दोन मिनिटांत सांगतं. पण मी सरांना म्हणालो, लोकांना समजावून सांगा, तर म्हणाले, "कशाला? चाखतो म्हणल्यावर कोणी भेसळ करणार नाही." आणि त्या दिवसापासून टेबलावर मुद्दाम एक स्टीलचा चमचा ठेवायला लागले.

पहिल्यांदा मी त्यांच्यासमोर बसलो तेव्हा तो चमचा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

माझी थोरली बहीण, अक्का. आई लवकर गेली, मला अक्कानंच वाढवलं. नवरा वारल्यावर ती आमच्याकडंच बिडकीनला होती. त्या हिवाळ्यात ती वाळत चालली. बावन्नची बाई, दळणाचा डबा उचलला की धाप लागायची. गावातल्या डॉक्टरांनी फोटो काढला, एका बाजूला छातीत पाणी. मला बाजूला घेऊन म्हणाले, "टीबी असला तर बरंच. नसला तर मुंबईची तयारी ठेवा." पाणी काढलं, बाटलीला खूण होती तिथवर भरलं आणि म्हणाले, "पुंडलिकनगरला न्या. हे एवढं लागतंय. सांडू नका."

आता एसटी ती, आणि सकाळची. माझी पिशवी एका बाईच्या मेथीच्या गाठोड्याखाली गेली. नक्षत्रवाडीला मांडी ओली लागली म्हणून बघतो तर झाकण तिरकं बसलेलं, अर्धी बाटली पिशवीतल्या टॉवेलात. माझं काळीजच फाटलं. अक्काच्या पाठीत परत सुई घालायची? पहिल्या वेळीच तिनं माझा हात आवळून रक्त काढलं होतं. मी खाली उतरलो, चहाच्या टपरीवर गेलो, आणि साधं नाही हां, नळाचं नाही, सीलबंद पाण्याची बाटली विकत घेतली. झाकण माझ्यासमोर मोडलं. खुणेपर्यंत भरलं. डॉक्टर म्हणाले होते ना, एवढं लागतंय. मला वाटलं, शुद्ध पाणी आहे, त्यात काय वाईट? रंग जरा फिका वाटला. टपरीवर चहा उकळत होता. देवाची शपथ, एक थेंब चहाचा टाकावा असं माझ्या मनात येऊन गेलं. नाही टाकला, एवढीच माझी पुण्याई.

लॅबमध्ये माकडटोपीवाल्या माणसानं मला स्टुलावर बसवलं. बस कोणती, खिडकी कोणती, सगळं विचारलं. "एक थेंब तरी सांडला?"

"नाय सर. एक थेंब नाय."

"सही कर."

केली सही.

तासाभरानं त्यांनी मला आत बोलावलं. दार लावलं. मी कुडकुडतोय, थंडीनं का भीतीनं ते देवाला ठाऊक. सर म्हणाले, "तुझी बहीण जिवंत आहे का?"

"असं कामून म्हणता सर? सकाळी भाकरी केल्या तिनं."

"तिचं सोडियम एकोणसत्तर आहे. शंभरच्या खाली आलेला माणूस भाकरी करत नाही बाबा, त्याच्या तेराव्याच्या भाकरी दुसरे करतात. एक तर हे पाणी तुझ्या बहिणीचं नाही, नाही तर अर्धंच तिचं आहे. बाकीचं अर्धं कोणाचं?"

मी पिशवीतला ओला टॉवेल मुठीत दाबला.

"क्या मियाँ, हौला समझे क्या मेरेकू?" सर चिडले की दखनीवर यायचे; हौला म्हणजे खुळा. "ह्याच्यात एडीए अठ्ठावीस आला. चाळीसच्या खाली. मी हा कागद दिला असता तर डॉक्टर म्हणाले असते टीबी नाही, आणि तू बहिणीला घेऊन मुंबईला पळाला असतास, नको त्या दुखण्यामागं. आणि ती इकडं बऱ्या होणाऱ्या दुखण्यानं गेली असती!"

मी तिथंच रडायला लागलो. सगळं सांगितलं. मेथीचं गाठोडं, टपरी, सीलबंद बाटली. चहाचंही सांगून टाकलं. सरांनी तक्त्यावर पाण्याच्या कंपनीचं नाव लिहून घेतलं. मग मी अक्कल पाजळली. "सर, अर्धंच सांडलंय ना, मग दुप्पट करा की. अठ्ठावीस दुणे छप्पन्न."

सर उठून उभे राहिले. मला वाटलं आता मारतात. "पाणी घातलेलं दूध दुप्पट मोजलं म्हणून त्याचं निरसं दूध होतं का? नवीन पाणी काढायचं. आणि ह्या वेळी तू आणायचं नाही, मी आणणार."

आणि खरंच आले. दुसऱ्या दिवशी बिडकीनच्या स्टँडवर माकडटोपी, स्वेटर, शाल आणि काखेत थर्मास असा माणूस उतरला. भर दुपारच्या उन्हात पोरं त्यांच्या मागं लागली. अक्का त्यांना बघून म्हणाली, "ह्यांनाच बरं नाय वाटतं." तिला परत सुई घालायची म्हटल्यावर तिनं मला जे काय सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. "मेल्या, एक बाटली धरता येईना तुला, मी तुला कडेवर कशी धरली असंल!" एवढं मात्र लिहितो, कारण ते बरोबर होतं.

परतीच्या बसमध्ये दुपार कलली होती, म्हणून सर आता ड्रायव्हरच्या अंगाला बसले. थर्मास मांडीवर, दोन्ही हात त्याच्याभोवती. शेजारच्यानं विचारलं, "चहा हाय का काका?" तर म्हणाले, "नाही, पाहुणे आहेत."

संध्याकाळी ते काचेबाहेर आले. पुढं वीसएक माणसं बसलेली. "सोडियम एकशे अडतीस," ते म्हणाले. "एडीए अठ्ठावन्न. अभिनंदन! टीबी आहे!"

त्यांची गचांडी धरणाऱ्या तिघांत मी पण होतो, हे आता कबूल करतो. मला वाटलं माझ्या रडण्याची थट्टा करतोय. मॅडमनी सोडवलं आणि शांतपणे समजावून सांगितलं. मग मी त्याच कॉलरला धरून रडलो. सर म्हणाले, "शर्ट भिजवू नको, आत थंडी आहे." आणि मग म्हणाले, "उद्यापासून काउंटरवर बस. खोटी सही केलेल्या माणसाला खोटी सही ओळखता येते." अशी माझी नोकरी लागली. माझा तो तक्ता सरांनी काचेखाली लावून ठेवला, नाव झाकून. नवीन माणसाला ते तो दाखवायचे, "हा बघ. असं करू नको." आणि मी तिथंच बाजूला उभा. नऊ वर्षं.

अक्का सहा महिन्यांत खडखडीत बरी झाली. आता बिडकीनमध्ये कोणी खोकलं की ती त्याला बखोटीला धरून दवाखान्यात नेते. लोक तिला बघून खोकला गिळतात.

मग सर खोकायला लागले. आम्ही म्हणायचो दाखवा, ते म्हणायचे एसी आहे. दोन महिने असेच गेले. शेवटी मॅडमनी हात धरून फोटोला नेलं. उजवी बाजू अर्धी पांढरी. माणूस घाबरतो की नाही? सर फोटो उजेडाला धरून म्हणाले, "वा! भरपूर पाणी आहे." त्यांना सिडकोतल्या एका दवाखान्यात ठेवलं. घरी एकटेच होते, मागंपुढं कोणी नाही. वय पासष्ट. वजन उतरलेलं. आम्हा सगळ्यांना कळत होतं, काय असलं पाहिजे आणि काय असायला नको.

आणि मग सुरू झाले नवस. मावशींनी मंगळवार धरले, सरांना टीबी होऊ दे म्हणून. किराणा दुकानदारानं नारळ बोलला. अक्का बिडकीनहून निघून थेट वेरूळला घृष्णेश्वराला गेली, अनवाणी. तिथं गुरुजींना म्हणाली, संकल्प सांगा, आमच्या सरांना टीबी व्हावा. गुरुजी म्हणाले, "बाई, असला संकल्प मी सांगणार नाही, हे कोणाचं वाईट चिंतणं आहे." अक्का तिथंच भांडायला उठली. "तुम्हाला काय कळतंय? नुस्ता टीबी म्हणू नका मग. आकडा चाळीसच्या वर जाऊ दे, एवढं म्हणा." गुरुजींनी तेवढं म्हटलं म्हणे. संस्कृतात चाळीस कसं म्हटलं कोण जाणे.

पाणी काढायच्या दिवशी सकाळी मी सरांसाठी शहाळं घेऊन गेलो. सुई निघाल्यावर सरांनी डॉक्टरांच्या हातातली बाटली माझ्याकडं द्यायला लावली. डॉक्टर म्हणाले, आमचा माणूस पोचवेल की. सर म्हणाले, "नको. हाच नेणार." मी रिक्षा केली. सावलीच्या बाजूनं बसलो. बाटली दोन्ही हातांत उभी धरली, रिक्षावाल्याला म्हणालो, खड्डा आला की सांग. संभाजीनगरात असं म्हटल्यावर तो माझ्याकडं वळून बघत राहिला. मग बिचारा सांगत गेला, सांगतच गेला, लॅब येईपर्यंत त्याचं तोंड बंद झालं नाही. एक थेंब सांडला नाही.

मॅडमनी स्वतः मशीनला लावलं. आधी मीठ. एकशे एकोणचाळीस. मग एडीए. मावशी दारात हात जोडून उभ्या. आकडा आला, अकरा. मॅडमनी परत लावलं. परत अकरा. मॅडम म्हणाल्या, "मी फोन करते." मी म्हणालो, "नको मॅडम, मीच जातो."

सर उशीला टेकून बसले होते, माकडटोपी, शाल, सगळा थाट. माझा चेहरा बघून त्यांनी चष्मा लावला. किल्ली अजून दोरीलाच होती.

"कोणत्या बाजूनं बसलास?"

"सावलीच्या, सर."

"बाटली?"

"उभी. दोन्ही हातांत."

"किती आला?"

"अकरा."

सरांनी चष्मा काढून दोरीवर सोडला. मग हळूच, मी कधी न ऐकलेल्या आवाजात त्यांनी विचारलं, "सोडियम?"

मला कळलं ते काय विचारतायत. मी सत्तर म्हणालो असतो तर त्यांना आणखी दोन दिवस मिळाले असते. सांडलं सर, परत भरलं, परत काढू, दुप्पट होईल, तिप्पट होईल. नऊ वर्षांपूर्वी मी हे किती सहज केलं होतं. आणि त्या क्षणी मला खरंच वाटलं, अरे देवा, सांडायला पाहिजे होतं रे हातातून, सगळं सांडायला पाहिजे होतं.

"एकशे एकोणचाळीस," मी म्हणालो.

सरांनी डोळे मिटले. "म्हणजे एक थेंब नाही."

"नाही सर. एक थेंब नाही."

"नीट आणलंस," सर म्हणाले.

मग त्यांनी अंगावरची शाल काढली. मला वाटलं उकडतंय, मी घ्यायला पुढं झालो, तर त्यांनी ती माझ्याच खांद्यावर टाकली आणि दोन्ही बाजूंनी नीट केली. मग इकडंतिकडं शोधायला लागले. नारळ कुठून असणार तिथं? टेबलावर मीच सकाळी आणलेलं शहाळं होतं, त्यात नळी तशीच. ते त्यांनी दोन्ही हातांनी उचललं आणि माझ्या हातात ठेवलं.

"फोटो राहिला," सर म्हणाले.

पलीकडच्या खाटेवरच्या पेशंटला वाटलं माझा वाढदिवस आहे. त्यानं टाळ्या वाजवल्या.